टाकीच्या झाकणावरचं कुंकू

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या अब्रूचा भर रस्त्यात पंचनामा झाला, आणि तोही आण्णांच्या मायेपायी! हसायचं नाही, या अटीवर सांगतो. पाळणार नाही तुम्ही, माहीत आहे मला.

आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, एक जुनी फटफटी आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी जन्मलो तेव्हा दवाखान्यातून आमच्या गावी, दिंद्रुडला, मला हिनंच घरी आणलं. यंदा आण्णांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा खंडेनवमीला त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"आता चालव बी तूच आन् पूजा बी तूच कर."

मला भरून आलं हो! आण्णा दरवर्षी हेडलाइटला हळदीकुंकू लावायचे. मी म्हटलं, आपण जरा जास्त करू. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मधोमध चांगला जाड ठिपका. आण्णा कौतुकानं बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली! चार-पाच किलोमीटर झकास जायची, मग आचके, मग फट... फट... आणि बंद. ढकलत सलीम मिस्त्रीकडे न्यायची. तो झाकण उघडून पेट्रोल बघायचा, झाकण लावायचा, किक मारायचा, की लगेच सुरू!

"सर, चांगली तर हाय की."

"अहो, आत्ता बंद पडली होती!"

"मग तुमालाच कायतरी झालंय."

दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा, तशी तऱ्हा. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, कॉइल नवी टाकली. शिवाय माझा घरगुती उपाय होताच. रोज सकाळी आंघोळ करून झाकणावर ताजं कुंकू! गाडी जितकी जास्त बंद पडायची, तितका माझा ठिपका जाड व्हायचा.

आण्णा मात्र खचत गेले. "तिला तुजा हात वळखू येईना," म्हणायचे. शेवटी एकदा म्हणाले, "ऐतवारी मला परळीला तुज्या ताईकडं घिऊन चल. तिथवर पोचली तर ठीक. न्हाई तर दिऊन टाकू भंगारवाल्याला. तुजे हाल बघवत न्हाईत."

हे बोलताना त्यांचा हात टाकीवर होता.

रविवारी सलीम मिस्त्री स्वतःच्या गाडीवर आमच्या मागे निघाला. "बंद पडताना मला बघूच द्या तिला. तुमी कशाला बी हात लावू नका."

उसाच्या एका फडाजवळ आचके सुरू झाले. मागे बसलेले आण्णा हळूच तिला म्हणाले, "चल गं माय, आलीच परळी." खोटं होतं हो, परळी अजून कितीतरी लांब होती! आणि गाडी बंद पडली.

मिस्त्रीनं झाकण उघडलं. फुस्स! टाकीनं केवढा श्वास घेतला म्हणून सांगू! मिस्त्रीनं झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बांधावरच्या बाभळीचा काटा तोडला आणि माझा ठिपका कोरायला लागला. कुंकवाखालून एक बारीक भोक निघालं.

"सर, ह्या भोकातून टाकीत हवा जाती. हवाच गेली न्हाई तर पेट्रोल खाली उतरंल का? तेलाच्या डब्याला बी लोक दोन भोकं पाडत्यात! शाळंतल्या लेकरालाबी कळतंय हे. बुजवलं कुणी?"

मी उसाकडे बघू लागलो.

"म्हंजी गाडी चांगली हाय?" आण्णांनी विचारलं.

"इंजन एक नंबर हाय, आण्णा!"

आण्णांनी टाकीवरून हात फिरवला आणि उपरण्यानं डोळे पुसले. माझेही भरले होते. गोष्ट तिथंच संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण लेकाला कुणी बोललेलं आण्णांना कुठलं सहन होतंय? छाती काढून म्हणाले, "ओ मिस्त्री, माज्या पोराला असं बोलायचं न्हाई! शाळंत इज्ञान शिकवतोय त्यो. त्यो हवेच्या दाबाचा धडा तर लई भारी शिकवतोय. सांग की रं ह्याला!"