मागं कोण हाय?

“आक्का, ही बघा. आली का न्हाय लख्ख?” स्टुडिओचे मालक मला म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवर बोट टेकवलं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडीशी मोठी काच. तिच्यात माझी धाकटी बहीण शालन हसत होती. शालनला जाऊन दोन दिवस झाले होते.

“दिसती,” मी म्हटलं. “आता मोठी करा. हार घालायचाय.”

त्यांनी तो फोटो काँप्युटरवर घेतला, मोठा केला आणि कागदावर काढला. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर शालन नव्हती. डोळ्यांच्या जागी डाग, तोंडाच्या जागी डाग, ओल धरलेल्या भिंतीसारखा चेहरा. त्यांनी दुसरा कागद काढला, तिसरा काढला. शालनचा थोरला मुलगा माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, “मावशी, ही आई न्हाय.”

मी तो कॅमेरा उचलला आणि काउंटरवर आपटला. “खेळणं हाय हे! खेळण्यानं माझ्या बहिणीचा फोटो काढलासा?”

मालक ते कागद गोळा करायला लागले. चाळीस वर्षं सगळ्या कोल्हापूरवर ओरडणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला, त्याचा मला जास्त राग आला.

राजारामपुरीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवरा गेल्यावर मी तिथं झाडलोट करायला लागले. पुढं फोटो कापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, काच बसवून फ्रेम करायची, हे सगळं माझ्याकडं आलं. मी चौथी शिकलेली. पण कात्री सरळ चालवायला चौथी पुरते. बावीस वर्षं मी ते काम केलं.

आमच्याकडचं निम्मं काम मेलेल्या माणसांचं असायचं. घरात कुणी गेलं की लोक एखाद्या लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, “ह्यातली ही तेवढी काढून द्या.” बाप्याचं काम सोपं. त्याचे सत्काराचे फोटो असतात, फेटा बांधलेले असतात, गाडीला टेकून काढलेले असतात. बाई मात्र मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड, पुसट. एका बाईचा मला नुसता नाकापासून वरचा भाग मिळाला. खालचा सगळा नवऱ्याचा खांदा. तिची हनुवटी आणि पदर मालकांनी ब्रशनं रंगवला. घरचे बघून म्हणाले, “व्हय, अशीच होती.” सहा मुलांची आई. तिची हनुवटी कशी होती हे त्यातल्या एकालाही आठवत नव्हतं.

म्हणून मालक ओरडायचे. फोटो काढायच्या आधी कॅमेऱ्यामागून मान वर काढायची, डावा हात उंच करायचा आणि आवाज टाकायचा, “मागं कोण हाय?” मागची बाई पुढं आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

कोडोलीच्या एका लग्नात मी त्यांची पिशवी घेऊन गेले होते. नवरदेवाचे चुलते तापले. “अवो पावणं, काढा की फोटो. पंगत खोळंबलीया.”

“खोळंबू दे. मागं कोण हाय? ती हिरव्या लुगड्यातली. या पुढं.”

ती बाई म्हणाली, “हाताला पीठ हाय.”

“मग? चोरून आणलंय काय पीठ? या पुढं.”

ती पुढं आली. तिला नवरदेवाशेजारी उभी केली आणि चुलत्याला मागं घातलं. चुलता फोटोत तोंड फुगवून उभा आहे.

माणूस काही देव नव्हता. माझ्यासाठी चहा मागवायचे तो अर्धा. फोटो केसभर तिरका कापला गेला तर गिऱ्हाइकासमोर मला बोलायचे. सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यातून एकच कंगवा फिरवायचे. पण त्या आरोळीसाठी मी त्यांचं सगळं सोसलं.

आठ-दहा वर्षांपूर्वी ते कसला तरी सुटा भाग आणायला पुण्याला गेले होते. तिथल्या एका दुकानात त्यांनी तो कॅमेरा बघितला. कॅमेरा कसला, चौकोनी बॅटरीसारखं नळकांडं. एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला ती एवढीशी काच. किंमत निम्म्याहून कमी केलेली. आल्या आल्या माझ्यापुढं त्याचा छापील कागद पसरला.

“घेऊ काय आक्का? फोटो आधी काढायचा, फोकस मागनं ठरवायचा. पुढच्यावर बोट लावलं की पुढचा लख्ख, मागच्यावर लावलं की मागचा.”

“मागची बाई दिसंल?”

“बोट लावाल ती दिसंल.”

“मग घ्या की. वाट कुणाची बघताय?”

मी म्हटलं तसं. आता नाकारून काय उपयोग? एवढी किंमत का पाडली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. वांगी स्वस्त दिसली तर आम्ही आधी कीड बघतो. हा फोटो कागदावर केवढा निघतो, एवढा एक प्रश्न पुरे होता. चाळीस वर्षं फोटो मोठे करणारा माणूस आणि बावीस वर्षं त्यांना काच लावणारी बाई, दोघांनाही तो सुचला नाही. दुकानदाराला माहीत असणार. त्यानं गिऱ्हाईक पाहिलं आणि तोंड मिटलं.

महिन्याभरात कबनूरला शालनच्या घरची वास्तुशांत होती. शालननं तीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. बोटांना सुताचे चरे पडलेले. त्या पैशावर दोन खोल्या आणि वर स्लॅब झाला. घरावर नाव मात्र नवऱ्याचं लागलं. मी मालकांना म्हटलं होतं, फोटो तुम्हीच काढायचा. ते आले, आणि आपला नेहमीचा कॅमेरा राजारामपुरीत ठेवून फक्त ते नळकांडं घेऊन आले.

पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. शालनचा नवरा, दीर, भावकीतले दोघे पुढं बसले. त्यांच्यामागं पोरं. सगळ्यांच्या मागं, एका उंच पुतण्याच्या आड शालन. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी होते. आता ओरडतील, म्हणून मी थांबले. मालकांनी मान वर केली, शालनकडं बघितलं आणि म्हणाले, “असू दे तिथंच. नंतर पुढं आणू.”

आणि बटण दाबलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत. तो कॅमेरा घ्यावा का, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. फोटो लहान निघतो ते सोडा. त्यानं त्या माणसाची हाक बंद केली.

हाक मलाही मारता आली असती. शालनपासून मी दोन पावलांवर होते. पण माझ्या हातात ताटं होती, आणि ओरडणं हे मालकांचं काम, असं मी धरून चालले होते.

दोन महिन्यांनी शालन कांड्या भरता भरता खाली बसली ती उठली नाही. घरात तिचा एकटीचा फोटो शोधला. आधार कार्डावरचा होता. तो तिनं स्वतःच बघून, “ही कोण गं?” असं विचारलं होतं. पोरांच्या मोबाइलमध्ये नव्या फरशीचे फोटो होते, पंख्याचे होते, मोटारसायकलचे वीस होते. आईचा नव्हता. तुमच्या घरात काय वेगळं असेल? बघा एकदा शोधून.

उरला वास्तुशांतीचा; तो कुणी मागितला नव्हता, म्हणून अजून कॅमेऱ्यातच होता, कागदावर काढलाच नव्हता. तर असे आम्ही त्या दिवशी स्टुडिओत गेलो होतो. कॅमेरा आपटून मी बाहेर पडले आणि पुन्हा कामाला गेले नाही.

शालनच्या उत्तरकार्याला मालक कबनूरला आले. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम. फोटो जेवढा मोठा होऊन चेहरा टिकत होता, तेवढाच केला होता. तळहातापेक्षा लहान. भोवती मोठा पांढरा पुठ्ठा आणि त्याबाहेर मोठी फ्रेम. पुठ्ठ्याची खिडकी त्यांनी स्वतः कापली होती. तिरकी.

मी म्हटलं, “वाकडं कापलंयसा.”

“व्हय,” ते म्हणाले. फ्रेम भिंतीपाशी ठेवली, हात जोडले आणि न जेवता गेले. कुणी थांबवलं नाही. मीही नाही.

त्यानंतर ते लग्नांत एवढ्या जोरात ओरडायचे की नवरीसुद्धा दचकायची, असं लोक सांगायचे. मी ऐकून घ्यायचे. राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. कुणावर किती, हे आता मला नीट सांगता येत नाही, एवढंच.

मागच्या वर्षी मालक गेले. महिन्याभरानं त्यांची बायको कापडी पिशवीतून ते नळकांडं घेऊन माझ्याकडं आली. “तुम्हाला द्या म्हणाले होते,” एवढंच बोलली.

शालनच्या मुलानं कुठून तरी वायर आणून ते चार्ज करून दिलं. काच उजळली. मी चष्मा लावला आणि बोट टेकवलं. शालनचा नवरा लख्ख झाला. पुतण्यावर टेकवलं, पुतण्या झाला. त्याच्या खांद्याच्या कडेला टेकवलं, शालन पुढं आली. हसत होती. केसांत सूत अडकलं होतं, ते मी त्या दिवशी बघितलं नव्हतं.

मग मी तिच्याही मागं, दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. शालन पुसट झाली. दारात ताटांची चळत धरून एक बाई उभी होती. तोंड अर्धवट उघडलेलं, काहीतरी म्हणायच्या बेतात.

त्या दिवशी मागं आम्ही दोघी होतो. शालन गेली. मालकही गेले. मी आहे.