सव्वाचार किलो तब्येत

आमच्या गावात माणूस झिजून झिजून गेला तर लोक त्याच्या आजाराचं नाव सांगतात, आणि उभ्या उभ्या गेला तर 'हार्टफेल झालं' म्हणतात. पिठाच्या गिरणीवर एक गुरुजी दळणाचा डबा उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. हार्टफेल. माझे चुलत सासरे लग्नाच्या पंगतीत पाटावरच कलंडले. हार्टफेल. या शब्दाचा एवढाच अर्थ मी जन्मभर ऐकलेला. त्यामुळे अकोल्याच्या डॉक्टरांनी तो उच्चारला, तेव्हा यात समजून घ्यायचं आणखी काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

हे, म्हणजे माझे मालक, मोताळ्याला एका जिनिंगमध्ये मापारी आहेत. कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि वजन लिहायचं. मी गावात अंगणवाडी चालवते, म्हणजे पोरांची वजनं घेते. घरात दोघंही वजनवाले, असं लोक आम्हाला चिडवतात. दोन हिवाळ्यांपूर्वी ऑफिसच्या आठ पायऱ्या चढून यांना धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बुलढाण्याला दाखवलं, त्यांनी अकोल्याला पाठवलं.

तिथे इको झाला. डॉक्टर तरुण होते, पण घाई करत नव्हते. म्हणाले, "यांच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. हे रक्तातून येतं, मुलीचीही तपासणी करून घ्या."

मी घाबरले की माझी जीभ जास्त चालते. मी म्हटलं, "यांचं काळीज पहिल्यापासूनच मोठं आहे साहेब, कोणी काही मागितलं की देऊन टाकतात." डॉक्टर हसले, हे हसले नाहीत. मग डॉक्टरांनी मूठ आवळून दाखवली. म्हणाले, "मूठ जोरात आवळते, पण नीट उघडत नाही. उघडलीच नाही तर आत रक्त भरणार कुठून?"

मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये यांचं वय टाकलं, हृदयाच्या भिंतीची जाडी टाकली, त्याच्या मागच्या कप्प्याचा आकार टाकला. धाप किती चालल्यावर लागते, घराण्यात कोणी अचानक गेलं का, तेही विचारलं. मी चुलत सासऱ्यांचं सांगितलं. एवढ्या माहितीवर म्हणे पुढचा धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. आमच्याकडे असला अंदाज सांगणारा माणूस पत्रिका मागतो, यांनी रिपोर्ट मागितले. मी मात्र दोन्हीकडे सारखाच देवाचा धावा केला असता.

"दोन गोष्टी आहेत," डॉक्टर म्हणाले. "ठोके बिघडून एकाएकी काही होण्याचा धोका यांना कमी दिसतो. पण हार्ट फेल्युअरचा धोका जरा जास्त वाटतो. पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल."

पहिलं वाक्य माझ्या कानावरून गेलं. दुसऱ्यातला एक शब्द तेवढा आत शिरला. त्यानंतर ते मीठ कमी करा म्हणाले, गोळी चुकवू नका म्हणाले, रोज सकाळी वजन बघा आणि फरक पडला की फोन करा म्हणाले. मी मान डोलावत होते आणि मला गिरणीवरचे गुरुजी दिसत होते.

घरी आल्यापासून माझा पहारा सुरू झाला. धक्का बसू द्यायचा नाही, एवढं एकच सूत्र. फोनची घंटी बारीक करून टाकली. गावात कोणी वारलं तर आधी मला सांगा, यांना सांगू नका, अशी शेजारीपाजारी ताकीद दिली. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला तर मी त्यांच्या आयांशी अशी भांडले की त्यांनी दोन आठवडे पोरं अंगणवाडीत पाठवली नाहीत. पाण्याची बादली नको, सायकल नको, भावाशी बोलणं नको, कारण भावाशी बोलले की यांचा आवाज चढतो. जिनिंगच्या मालकाला सांगून यांना काट्याजवळच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. दुपारी जेवून हे आडवे झाले की मी उलटा हात नाकापाशी धरून श्वास बघायचे. एकदा यांनी डोळे उघडले.

"काय पाहून राह्यली?"

"माशी होती."

"आजची दुसरी माशी झाली ही," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.

मला लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हात धरलाच. भीती अशी होती की भाजी चिरताना हात थांबायचा आणि मी कान लावून बसायचे, आतल्या खोलीतून खोकला आला की पुन्हा चिरायला लागायचे. बसमध्ये कोणी नुसतं 'फेल' म्हटलं, अगदी पोरगं गणितात फेल झालं म्हटलं, तरी मी मान वळवून ऐकायला लागायचे.

वजन मात्र मी नेमानं बघत होते. अंगणवाडीत गरोदर बायांसाठी उभं राहायचा काटा असतो, तसाच एक घरी आणला. आमच्या कामात फरक पडणं म्हणजे वजन घटणं. पोराचं वजन घटलं की वरून विचारणा होते, आहार वाढवा, घरी भेट द्या. वाढलं की सगळे खूश. डॉक्टरांचा फरक मी माझ्या परीनं तसाच समजले. घटू द्यायचं नाही.

आणि ते घटलं नाही, वाढलं. चार महिन्यांनी काटा आधी किलोभर पुढे सरकला, मग दीड, मग अडीच. दीड महिन्यात सव्वाचार किलो. यांचे गाल वर आले, पोट सुटलं. पहिला किलो-दीड किलो वाढला तेव्हाच शेजारची काकू म्हणाली होती, "तब्येत सुधरली वं तुह्या घरच्याची. मानलं तुले." मी त्या दिवशी साखर घालून शिरा केला आणि काकूला वाटीभर नेऊन दिला. माझा पहारा कामी आला होता.

हे एक उशी सोडून दोन घ्यायला लागले, मला वाटलं मान दुखत असेल. चपलेचा पट्टा रुतायला लागला, मला वाटलं पाय भरले. जिनिंगवरून येताना पारावर दोनदा बसायचे. मीच बजावलं होतं, जपून चाला म्हणून. सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं.

मग एका सकाळी दहाच्या सुमारास हे चप्पल घालायला वाकले आणि तसेच भिंतीला टेकले. तोंड उघडं, खांदे वरखाली होताहेत, आणि हवा आत जात नाही. ओठ निळसर. मी ज्याची वाट पाहत होते ते आलं असं मला वाटलं. मी किंचाळले, "झालं वो, हार्टफेल झालं!" यांनी हात हलवून नाही म्हटलं. ते हात हलवणं मी कधी विसरणार नाही, कारण तेव्हा मला कळलंच नाही की मेलेला माणूस हात हलवत नसतो.

शेजाऱ्यांच्या गाडीतून बुलढाणा, तिथे ऑक्सिजन आणि इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्समधून अकोला. तेच डॉक्टर. त्यांनी यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा.

"वजन किती वाढलं?"

आणि मी, काय सांगू, मी त्या अवस्थेतही जरा अभिमानानं म्हटलं, "सव्वाचार किलो साहेब. तब्येत चांगली सुधारली होती, आणि अचानक हे असं."

डॉक्टरांनी नडगीवरच्या खड्ड्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "ताई, हे सगळं पाणी आहे. फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. थकणं. ते पुरेसं भरत नाही, मग पाणी मागे तुंबतं, पायात, पोटात, फुप्फुसात. म्हणून तर रोज वजन बघायला सांगितलं होतं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा असं हळूहळू वाढत गेलं तरी फोन करायचा होता."

काळजाचं पाणी होतं म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं, यांचंही आणि माझंही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं मी सुतळी बॉम्बवाल्या पोरांशी भांडत बसले होते, आणि पाणी रोज माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच काट्यावर चढत होतं. वर मी त्याला शिरा खाऊ घातला होता.

सहा दिवसांत लघवीवाटे पाणी उतरलं. वजन पहिल्या ठिकाणी आलं, गाल बसले, हे पुन्हा सुकलेले दिसायला लागले आणि डॉक्टर खूश झाले. माझ्या डोळ्यांना ते पटत नव्हतं. सुटी देताना डॉक्टरांनी माहिती पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरली. मागचा कप्पा आणखी मोठा झाला होता. दुसऱ्या धोक्याचा, हार्ट फेल्युअरचा, आकडा वाढला होता.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"हा दिवस सांगणारा आकडा नाही ताई. यांच्यासारख्या पुष्कळ लोकांचं काय झालं त्यावरून बांधलेला अंदाज आहे. लवकर कळलं की औषध बदलता येतं. म्हणून कळलं पाहिजे."

मुलीची तपासणी झाली. तिचं आत्ता ठीक आहे, काही वर्षांनी पुन्हा करायची. तेवढं एक ओझं उतरलं. पण घरी आल्यावर माझ्या मनात एक गोष्ट कुरतडत राहिली. मी अंगणवाडीवाली, चुकले. पण यांचं सगळं आयुष्य काट्यापाशी गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी यांना पेज दिली आणि विचारलं.

"तुमाले काऊन समजलं नाई वो?"

हे पेज ढवळत राहिले. मग म्हणाले, "समजलं होतं."

"काय?"

"पानी हाये म्हनून. लोकं कापसावर पानी मारून आनतात. गाडी दिसते तेवढीच, काटा जास्त सांगते. म्या जेवन तं तेवढंच करत होतो. अर्धी भाकर कमीच. मंग वजन येऊन राह्यलं कुठून? पयल्या पंधरवड्यातच समजलं."

माझा तोल गेला. मी ओरडले, भांडं आपटलं, यांना धक्का बसेल याचंही भान राहिलं नाही. "मंग सांगतलं काऊन नाई? मरायचं होतं काय तुमाले? मले रांडमुंड करायचं होतं?"

हे माझं ओरडणं संपेपर्यंत थांबले. मग हळू म्हणाले, "तू शिरा केला होता. चार मयन्यात पयल्यांदा हासली होती तू. मले वाटलं, आज नको, उद्या सांगू."

मी तिथेच खाली बसले. असे किती उद्या गेले ते मी विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.

आता रोज सकाळी हे काट्यावर उभे राहतात आणि मोठ्यानं आकडा सांगतात. कालच्याइतकंच, म्हणतात. माझा या माणसावर कधी अविश्वास नव्हता, संसारात एक पैसा लपवला नाही त्यांनी. पण मला बरं वाटावं म्हणून हा माणूस खोटं बोलू शकतो, हे आता मला माहीत आहे. म्हणून हे बोलले तरी मी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकते, आणि आकडा स्वतः वाचते.