धुपाटणं माडाखाली ठेवलं तो गणपती

देवाला धूर आवडतो असं कोणी म्हणालं की मी अजूनही विचारते, तुम्हाला येऊन सांगितलं का त्यानं? लोकांना हे उद्धट वाटतं. वाटू दे. छातीच्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि धूर माणसाचं काय करतो ते मी उशाशी उभं राहून पाहिलंय. तरी मी देव मानते. आधी मानत होते ते सवयीनं, सगळे मानतात म्हणून. खरं मानायला लागले ते एका सकाळी त्याच्याशी कडाकडा भांडल्यावर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर विरारच्या चाळीतलं, सासर पापडीजवळच्या वाडीतलं. केळी, पानवेली, सोनचाफा, असा सगळा पसारा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, जन्मभर त्या वाडीत घाम गाळला आणि जन्मभर विड्या ओढल्या. शेवटी फुफ्फुसांनी हात टेकले. लोकांना वाटतं ह्या आजारात माणसाला हवा आत घेता येत नाही. खरं दुखणं वेगळंच असतं. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, छाती फुगून राहते आणि नव्या श्वासाला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही पेशंटला शिकवतो, नाकानं हळू घ्या आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, सावकाश सोडा. मामंजींना हे शिकवता शिकवता माझ्या तोंडाला फेस आला. "ही कसली थेरं? मी काय फुगा फुगवायला बसलोय?" असं म्हणून ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर ते हॉस्पिटलात होते. घरचा गणपती चुकवणार नाही म्हणून त्यांनी अन्न सोडलं. शेवटी मीच डॉक्टरांना शब्द दिला, मी सांभाळीन, घरी जाऊ द्या. भाड्यानं ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, गणपतीच्या शेजारच्या खोलीत खाट टाकली आणि घरात जाहीर करून टाकलं की यंदा धूप, उदबत्ती, कापूर काही पेटणार नाही. देवापुढं एक समई आणि एक निरांजन, बस्स. आणि ती ज्योत मामंजींच्या दाराकडं कोणी आणायची नाही, कारण ऑक्सिजनजवळ आग म्हणजे पोरखेळ नव्हे. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मान्य कोणीच केलं नव्हतं.

गणेशचतुर्थीच्या सकाळी गुरुजी मूर्तीपुढं बसले आणि आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. हातात धुपाटणं, त्यात नारळाच्या सोडणांचे लाल निखारे, वर मूठभर धूप. धुराचा लोट त्यांच्याआधी ओटीवर पोचला. आतून मामंजींचा खोकला सुरू झाला. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो सूनबाई. देवाचा धूर कोणाला बाधत नाही. माझ्या आईनं ह्याच घरात धूप फिरवला, आजीनं फिरवला. कोण मेलं?"

"कोण मेलं ते मला माहीत नाही आत्याबाई. कोणाला मरू द्यायचं नाही, ते मात्र माझं ठरलंय."

आमचे हे कुजबुजले, "अगं, सणासुदीला काय हे?" मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गुरुजींची प्राणप्रतिष्ठा चालली होती. ते थांबून माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा त्यांनाही सुनावलं, "गुरुजी, मूर्तीत प्राण घाला, खुशाल घाला. पण शेजारच्या खोलीतल्या माणसाचा काढून घालू नका." बिचाऱ्यांनी खाली मान घालून दूर्वा निवडायला घेतल्या. मी आत्याबाईंच्या हातातलं धुपाटणं काढून घेतलं, अंगणात माडाखाली नेऊन ठेवलं आणि त्यावर पाणी ओतलं. परत येताना मनातल्या मनात गणपतीला बजावलं की राग आला असेल तर माझ्यावर काढ, मी धडधाकट आहे. पण त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मग मी नैवेद्याच्या मागं लागले. मोदकांचं भांडं उतरवून मामंजींकडं गेले, तर ते मान टाकून पडलेले. ओठ निळे, श्वास अगदी मंद. आत्याबाई उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "बघ, किती शांत झोप लागली." मी सिलिंडर पाहिला. चावी पुरती उघडी आणि काटा शून्यावर.

"हे कोणी केलं?"

"मीच सोडला जास्त," आत्याबाई म्हणाल्या. "वर्षाचा सण. आजच्या दिवशी तरी त्याला मोजूनमापून कशाला द्यायचं?"

पाहुण्याच्या पानात तुपाची धार धरावी तसा त्या माउलीनं भावाला ऑक्सिजन वाढला होता. ह्या आजारात ऑक्सिजन बेतानंच द्यायचा असतो. जास्त झाला तर गुंगी येते, श्वास मंदावतो, आतली खराब हवा आतच साचते. आणि आता तर सिलिंडरही संपला होता. ह्यांना स्कूटरवरून दुसरा आणायला पिटाळलं. हॉस्पिटलच्या गाडीसाठी शेजारच्या घरून फोन करायला लावला. पण रस्तोरस्ती गणपती निघालेले, गाडी कधी पोचणार कोणास ठाऊक. मी मामंजींना उठवून बसवलं, पुढं उशांची चळत रचून त्यावर वाकवलं, पाठ थोपटली, गालावर चापट्या मारल्या, नावानं हाका मारल्या. डोळा उघडेना. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं करून झालं.

उघड्या दारातून समोर गणपती दिसत होता, नुकते प्राण घातलेला. मी मोठ्यानंच बोलले, घरादारानं ऐकलं. "बघत काय बसलास? माझं करून झालंय. आता तुझं काय ते कर. आणि नसेल करायचं तर उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस."

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. त्या रडतील असं वाटलं होतं. पण त्या दाराच्या चौकटीत गेल्या, कमरेवर हात ठेवला आणि लहानपणी वाडीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला मारत असतील तशी हाक मारली.

"बाळूऽऽऽ!"

मामंजींची मान हलली. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ गोल झाले आणि आतून, खूप खोलातून आवाज आला, "ओऽऽऽ."

अहो, तोच चंबू! किती दिवस मी ज्याच्यासाठी डोकं फोडत होते तो. लांबलचक उच्छ्वास बाहेर पडला, छाती खाली बसली आणि नाकानं नवा श्वास आत गेला. मी ओरडले, "आत्याबाई, थांबू नका! मारा हाक!"

"बाळूऽऽऽ, भात वाढलाय!"

"ओऽऽऽ."

"बाळूऽऽऽ, पाट फुटला, पाणी केळीत शिरलं!"

"ओऽऽऽ."

आत्याबाईंनी त्यांचं सगळं बालपण हाकांमध्ये ओतलं. मध्येच आवाज फाटला, एक घोट पाणी प्यायल्या, पुन्हा सुरू. मी मामंजींच्या पाठीवर हात ठेवून श्वास ओळखत होते. हळूहळू त्यांनी डोळे उघडले. ओठांचा निळेपणा ओसरायला लागला. एका हाकेला तर वैतागून म्हणाले, "ओऽऽ, आलो म्हटलं ना!" तेव्हा मी हसले आणि रडलेही.

नंतर हे आले. त्यांच्यामागं एक अनोळखी माणूस, खांद्यावर सिलिंडर घेऊन. सिलिंडरवाल्याचं दुकान सणामुळं बंद होतं. हे दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा हा कामणहून टेम्पोनं सिलिंडर परत करायला आला. त्याची आई नुकतीच गेली होती. दारात उभा राहून तो मला विचारतो, "आईनं वापरलेला आहे सिस्टर, निम्मा शिल्लक असेल. चालेल ना?" सकाळपासून घरभर तोफ डागणारी मी, नुसती मान हलवली. बेताचा ऑक्सिजन सुरू केला. हॉस्पिटलची गाडीही आली, डॉक्टर तपासून म्हणाले, राहू दे घरीच, पण चावीला तुम्हीच हात लावायचा.

त्या माणसानं मोदक खाल्ला, मागून आणखी एक घेतला. देवापुढं हात जोडताना म्हणाला, "धूप नाही का लावला?" मी तोंड उघडणार तोच आत्याबाई कडाडल्या, "आमच्या घरात लावत नाहीत!"

ह्याला चमत्कार म्हणायचं की नाही, त्यात मी पडत नाही. आत्याबाईंना नेमकी तीच हाक का सुचली आणि आई गमावलेला माणूस नेमका त्याच वेळी त्या पायरीशी का आला, मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलं की शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं नव्हे. दारात आडवं उभं राहायचं, भांडायचं, हाताला येतं तेवढं सगळं करायचं, आणि मग सोडायचं. सोडायला मीही मामंजींइतकीच नाखूश होते. त्या सकाळी माझ्याकडून सोडवून घेतलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढं काही गणपती मामंजींनी पाहिले. आरती संपली की आत्याबाई हाक मारायच्या आणि ते खाटेवरून ओ द्यायचे. धुपाच्या जागी आमच्या घरात हीच रीत पडली. मग ते गेले. त्यानंतरच्या गणपतीला आरती झाली आणि आत्याबाई सवयीनं चौकटीत उभ्या राहिल्या. "बाळूऽऽऽ!" हाक निघून गेली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, कमरेवरचा हातही हलेना. घरात कोणी कोणाकडं बघेना. मी हातातलं नैवेद्याचं ताट खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरातून, छाती रिकामी होईपर्यंत, ओ दिली.