पुस्तकातला उंदीर

तिसरं चित्र उघडलं आणि वर्ग एकदम गप्प झाला.

सोलापुरातली, विणकरांच्या पेठेतली मुलींची शाळा. मी तेव्हा मुलींच्या शाळांची सुपरवायझर होते. नवं पुस्तक मंजूर होण्याआधी त्याची ट्रायल घेणं हे माझं काम. म्हणजे मजकूर झाकायचा, मुलींना नुसतं चित्र दाखवायचं आणि गोष्ट त्यांच्याच तोंडून काढायची. चित्रावरून गोष्ट कळत नसेल, तर पुस्तक परत.

हे पुस्तक पुण्याहून आलं होतं. रंगीत, देखणं. गोष्ट एका लबाड उंदराची. तिसऱ्या चित्रात तो मांजराला फसवायला मेल्याचं सोंग घेतो आणि स्वयंपाकघरात उताणा पडतो. मला तेच पान सगळ्यात आवडलं होतं.

"काय झालंय इथं?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतली अंबव्वा उठली. हसली नाही.

"उंदीर पडला," म्हणाली.

मग तिनं पाटी दप्तरात घातली. बाकीच्याही उठल्या. ढकलाढकली नाही, बोलणं नाही. एकेक जण उंबरा ओलांडून अंगणात गेली. शेवटची एक लहानगी दारात थांबली.

"बाई, तुमीबी चला की. हितं ऱ्हायचं नसतंय."

वर्गाच्या शिक्षिका सुंदराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुस्तक मिटायला त्यांनीही हात लावला नाही.

आजच्या वाचकांना हे सांगायला हवं. तेव्हा प्लेग फिरून फिरून यायचा. आधी घरातले उंदीर मरायचे. 'उंदीर पडला' हे शब्द कानावर आले की माणसं चूल विझवून गावाबाहेर माळावर झोपड्यांत जायची. मुली हे बोलायला शिकतानाच शिकलेल्या.

संध्याकाळी ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते हसले. "चित्राला भ्यायल्या? उद्या पुन्हा दाखवा. सवय होईल."

दुसऱ्या दिवशी पेठेत शिरले आणि थबकले. त्या गल्लीत मागांची खटखट इतकी असे, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. आज मला माझ्याच चपलांचा आवाज येत होता. दारांना कुलपं. रंगवलेलं सूत ओट्यावर तसंच वाळत पडलेलं. शाळेत उंदीर पडला, एवढंच घरोघर पोचलं होतं.

मी माळावर गेले. अंबव्वाचा बाप, हणमंतू, झोपडीला तट्ट्या बांधत होता. मी पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरलं.

"नुसतं चित्र आहे हे. शाळेत काही मेलेलं नाही."

त्यानं पाहिलं आणि मागं सरकला.

"चित्र हाय, कळतंय की. पर मागल्या साली आमच्याकडं असाच पडलेला, बाई. चुलीम्होरं, पाय वर करून. थोरलीनं शेपटीला धरून भायेर टाकला."

"थोरली कुठं असते?"

तो सुंभाला गाठ मारत राहिला. अंबव्वा झोपडीच्या दारातून माझ्या हातातल्या पानाकडं बघत होती. मी पुस्तक मिटलं.

ऑफिसात नामंजुरीचा रिमार्क दिला. साहेब वैतागले. "कारण काय लिहू? चित्र तर चांगलं आहे."

"फार चांगलं आहे, हेच लिहा."

कुणालाच ताप आला नाही, तसे लोक हळूहळू परतले, माग सुरू झाले. वर्ग मात्र ओसरीवरच भरू लागला. त्या खोलीत एकही मुलगी पाय ठेवेना, आणि सुंदराबाईही नाहीत.

पुढं कुठलंही पुस्तक हातात आलं, की मी आधी ते जिथं जाणार त्या गल्लीतून एक चक्कर मारून येत असे. साहेब त्याला वेळ घालवणं म्हणत.