पुन्हा एकदा, दारातून

लग्नाच्या शूटिंगसाठी मामांना बोलवायचं का, यावर हल्ली लोक आधी आपसात कुजबुजतात. माणूस सज्जन, कॅमेरा नवा, वेळेचा पक्का, पण पूर्वीसारखा राहिला नाही म्हणतात. नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतो, नेमका त्याच वेळी कुणाचा तरी काका मध्ये डोकं घालतो, आणि मामा नुसते उभे राहतात. "अहो मामा, हुकलं की! परत घालायला लावा ना," असं मुलीकडची मंडळी ओरडतात. मामा शांतपणे म्हणतात, "हुकलं ते हुकलं." आता अशा माणसाला काय करायचं, सांगा!

एके काळी हाच गृहस्थ अख्खा हॉल बोटावर नाचवायचा. "पुन्हा एकदा!" म्हणत त्यांनी तर्जनी हवेत गोल फिरवली की बोटातली अंगठी निघायची आणि परत चढायची, स्टेजवर गेलेले पाहुणे खाली उतरून परत वर जायचे. मुलीला निरोप देताना आई ढसाढसा रडली आणि नेमका लाइट गेला, तर मामा बिनदिक्कत म्हणायचे, "मावशी, पुन्हा एकदा रडा. मघाचं अंधारात गेलं." आणि मावशी रडायच्या! वर डोळे पुसत विचारायच्या, "आता नीट आलं का?" जगात असा एकही क्षण नाही जो परत करून घेता येत नाही, अशी मामांची पक्की समजूत होती.

मुलांना सिनेमा शिकवायला ते परदेशात जाऊन आले आणि बदलले, एवढंच सगळ्यांना माहीत आहे. तिकडची हवा लागली, असं त्यांचा मेव्हणा म्हणतो. हवाबिवा काही नाही. मामा येताना लाज घेऊन आले होते, आणि ती कस्टमवाल्यांनाही सापडली नाही.

झालं होतं असं. त्यांची भाची ज्या शाळेत शिकते तिथल्या मोठ्या बाई मुलांसाठी कॅमेऱ्याचा वर्ग चालवतात. इकडच्या मुलांनी परदेशात जायचं, तिथल्या मुलांच्या घरी राहायचं आणि दोघांनी मिळून त्या घरावर छोटीशी फिल्म करायची, पुढच्या वर्षी तिकडच्यांनी इकडे यायचं, असं ठरलं. शिकवायला जाणारे डिग्रीवाले सर ऐनवेळी पाय मोडून घेऊन बसले. बाईंना मामा आठवले. ज्या माणसाला जन्मभर "ए शूटिंगवाले, जरा बाजूला हो" एवढंच ऐकायची सवय, त्याला सगळी पोरं एकदम "सर" म्हणू लागली. मामा हरभऱ्याच्या झाडावर चढले. "सर," मामी बॅग भरताना म्हणाल्या, "नवऱ्यामुलींवर ओरडता तसं पोरांवर ओरडू नका म्हणजे झालं."

भाची स्वभावानं अबोल, वर्गात तिला सगळे घुमीच म्हणायचे. तिची आणि मामांची सोय एकाच घरी झाली. खाली कपडे धुण्याचं दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकानात भिंतीला लागून धुलाईची मशीनं, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल, आणि रस्त्याकडे काचेचं दार. दारावर छोटी घंटा होती, कुणी आत आलं की ती किणकिणायची. दुकान घरातली आई चालवायची. थोरली मुलगी घुमीच्या वयाची, तीच तिची जोडीदार. तिचं आणि मामांचं मोडक्या-तोडक्या इंग्रजीत बरं जमायचं. धाकटी जेमतेम पाच वर्षांची. ती दिवसभर कपड्यांच्या टोपलीत बसून मोज्यांच्या जोड्या लावायची आणि मामांच्या मागे मागे हिंडायची. मामा कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय लांब करत तेव्हा ती आपले पाय फाकवून उभी राहायची. आल्या दिवसापासून तीही त्यांना "मामा" म्हणू लागली. मामा विरघळले.

घरातले वडील बोटीवर इंजिनाचं काम करायचे. वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. ते त्याच आठवड्यात सुट्टीवर यायचे होते, आणि त्यांचं घरी परतणं हीच मुलींनी आपली फिल्म ठरवली. मामांच्या अंगात उत्साह संचारला. बाकीच्या पोरांनी काय, कुणी कुत्रा घेतला होता, कुणी आजोबांची सायकल. आपल्या घुमीची फिल्म सगळ्यांत वरचढ होणार, आणि डिग्रीवाल्या सरांना घरबसल्या समजणार की शूटिंगवाला काय चीज आहे!

त्या दुपारी मामांनी इस्त्रीचं टेबल सरकवलं, दारावरचा बल्ब बदलला, घुमीला मशीनच्या आडोशाला कॅमेरा घेऊन बसवलं. घंटा वाजली. दारात खांद्यावर पिशवी घेतलेला एक दाढीवाला उंच माणूस उभा होता. धाकटी टोपलीतून बघत राहिली. क्षणभर तिला ओळखच पटेना. मग तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, ती धावत गेली आणि दोन्ही मुठींनी बापाच्या पोटावर दणादण मारायला लागली. इतके दिवस कुठे होतास, असंच असणार ते. त्याला भाषा लागत नाही. बापाची पिशवी गळून पडली. त्यानं तिला उचललं, तसं तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं. आईच्या हातातली चादर हातातच राहिली.

"आलं ना सगळं?" मामांनी हळूच विचारलं.

घुमीच्या हातातला कॅमेरा मांडीवर होता. लाल दिवा लागलेलाच नव्हता.

"मी बघत होते, मामा."

"बघत होतीस? बघायला आणलंय का तुला एवढ्या लांब?"

"ती रडत होती. मला नाही दाबवलं बटण."

मामांचं डोकं सणकलं. आणि मग जित्याची खोड! ते पुढे झाले, हसले, बापाला दाराकडे खूण केली आणि तर्जनी हवेत गोल फिरवली. "पुन्हा एकदा!"

बाप गोंधळला. थोरलीनं चाचरत समजावलं. पाहुणा माणूस, त्यात मुलींचा मास्तर. नाही कसं म्हणायचं? त्यानं गळ्यातले हात सोडवले, धाकटीला खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि तो बाहेर गेला. दार लागलं. इतक्या दिवसांनी आलेला बाप आल्यापावली परत गेला, एवढंच त्या पोरीला दिसलं. तिनं जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या दुकानात ऐकू गेली असेल. मामांनी कॅमेरा आपल्या हातात घेतला होता. "छान, छान! हेच पाहिजे," ते पुटपुटले.

पण बाप आत आला तेव्हा कॅमेऱ्याच्या मध्ये टेबल आलं. मग आणखी एकदा. या खेपेला घंटा वाजली, बाप आत आला, धाकटी हात पसरून धावली आणि तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. ना मुठी, ना आरडाओरडा. फ्रेम अशी की भिंतीवर लावावी.

"मामा, ती आधी त्यांना मारत होती," घुमी नंतर म्हणाली. "ते राहिलं."

"मारामारी कोण बघतं? मिठी बघतात लोक."

"मग त्यावर माझं नाव नको."

मामांनी ते हसण्यावारी नेलं. पोर लहान आहे, धंदा शिकेल हळूहळू.

धाकटीला मात्र नवीनच खेळ सापडला. बाप कचरा टाकायला बाहेर गेला की ती दाराशी उभी राहायची, बोट गोल फिरवायची आणि मामांच्याच सुरात स्वच्छ म्हणायची, "पुन्हा एकदा!" बाप घंटा वाजवत आत यायचा. कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचा तेव्हाही तेच. घरभर हसू. मामा तर खूष. "बघा, दिग्दर्शक झाली! आपली भाषासुद्धा शिकली," असं त्यांनी फोनवर मामींना कौतुकानं सांगितलं. बाप बाहेर गेला की पूर्वी ही पोर दारापर्यंत मागे पळायची, ती आता पळत नव्हती. हेही त्यांनी कौतुकानंच सांगितलं.

शेवटी तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. कुत्र्याला लोक हसले, सायकलला टाळ्या पडल्या. मग पडदाभर ते काचेचं दार आलं. घंटा वाजली, बाप आला, मुलगी धावली, मिठी पडली. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. बाप स्वतः डोळे पुसत होता. मुलांबरोबर आलेल्या मोठ्या बाईंनी मागे वळून मामांना नमस्कार केला.

आणि तेव्हाच मामांना दिसलं. कॅमेऱ्याच्या बोटभर काचेत जे दिसलं नव्हतं ते भिंतीएवढ्या पडद्यावर दिसलं. बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवून धाकटी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. मागे कॅमेरा धरून मामा होते, त्यांच्याकडे. भुवया जराशा वर. आता नीट आलं का, असं विचारत होती ती.

ती नजर मामांना चांगली ओळखीची होती. किती नवऱ्यामुलींनी, किती मावश्यांनी त्यांच्याकडे तसं पाहिलं होतं! लोक टाळ्या वाजवत होते आणि मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी पाठ थोपटली, तर त्यांनी अंग चोरलं. शेजारी घुमी मान खाली घालून बसली होती. पडद्यावर तिचं नाव आलं. मामांनी काढलंच नव्हतं ते. तिच्याकडे बघायचीसुद्धा त्यांना हिंमत झाली नाही. हातापाया पडून माफी मागावी तर कुणाची? बापाला तर फिल्म आवडली होती. तो त्यांना मिठी मारून काहीबाही बोलत राहिला आणि मामा मेल्याहून मेल्यासारखे होऊन "थँक्यू, थँक्यू" करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाची सुट्टी संपली. बंदरावर नेणारी गाडी दुकानासमोर लागली. मशीनं बंद होती. आईनं पिशवीत काहीतरी शेवटचं कोंबलं आणि ती टेबलाला टेकून उभी राहिली. थोरली आधीपासूनच मुसमुसत होती. घुमी जिन्याच्या पायरीवर बसली होती, रिकाम्या हातांनी. मामा कोपऱ्यात. आपण इथे असूच नये असं त्यांना वाटत होतं, पण जायचं कुठून? वाट त्या दारातूनच होती.

बाप धाकटीपुढे गुडघ्यांवर बसला. तिनं त्याचा पापा घेतला आणि लगेच सोडलं. रडली नाही, बिलगली नाही. वर त्याच्या खांद्यावर थोपटलं, जा म्हणून. केवढी शहाणी झाली ही, अशा नजरेनं आई आणि बाप एकमेकांकडे बघत राहिले. बाप उठला. घंटा वाजली, दार लागलं. काचेतून त्याचा हात हलताना दिसला, मग गाडीचं इंजिन सुरू झालं.

धाकटी थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिली. मग मागे वळली, मामांना शोधलं आणि आपलं इवलंसं बोट वर करून हवेत गोल फिरवलं.

"पुन्हा एकदा."

थोरलीच्या घशातून हुंदका फुटला. गाडी कोपऱ्यावर वळत होती. मामांना ऐकू गेलं नसेल असं धाकटीला वाटलं असावं. ती जवळ आली, त्यांची तर्जनी आपल्या मुठीत धरली, हात पुरेल तेवढी उंच केली आणि स्वतःच फिरवली.

"पुन्हा एकदा, मामा."

मामा तिच्यासमोर फरशीवरच बसले. आता रस्त्यावर कोणी नव्हतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले.

तो शब्द तिला ठाऊक नव्हता. मामांनी तो तिच्यासमोर कधी उच्चारलाच नव्हता. त्यांचं बोट तसंच मुठीत धरून ती दाराकडे बघत राहिली.