सालीलगतचे वलय

प्रा. इंदुमतीबाई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट एका लाकडाच्या चकतीवरून झाली. भूगोलाच्या एम. ए.ला प्रवेश घ्यायला मी कामठीहून आले होते. बाईंच्या टेबलावर सागाची घासून गुळगुळीत केलेली चकती होती. त्यांनी भिंग पुढे सरकवले आणि वलये मोजायला सांगितली. दर पावसाळ्याला सागाच्या खोडात एक वलय वाढते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मोजली, आकडा सांगितला आणि लगेच विचारले, "परत मोजू का, बाई?"

"मोज नं. मी काय गाडी पकडून राहिली?"

पुन्हा तोच आकडा आला. बाईंनी सर्वांत बाहेरच्या वलयावर नख ठेवले. "हे सालीजवळचं धरायचं नाही. ते वर्ष अजून चालू असतं."

सातवीपर्यंत मी घरीच, बाबांजवळ शिकले. बाबा यंत्रमागावर काम करतात. उत्तर बरोबर आले तरी ताळा केल्याशिवाय ते पाटी पुसू देत नसत. त्यामुळे मला संशयाची खोडच लागली. वर्गात तिचे हसू झाले. बाईंनी मात्र तिला काम दिले.

शहराच्या कडेला, सक्करदऱ्याच्या पुढे घरांच्या भूखंडांचे नवे ले-आउट पडले आणि काही वर्षांनी रस्ता रुंद करताना जुने साग तोडले गेले. त्यांच्या चकत्या बाईंनी विभागात आणवल्या. ले-आउट आल्यापासूनची वलये अगदी बारीक होती. डांबराने आणि बुजवलेल्या नाल्याने झाडांचे पाणी तोडले, असा निष्कर्ष आम्ही काढला. माझा प्रबंध त्यावरच उभा होता. बाईंनी त्याच विषयावरचा आपला निबंध परिषदेकडे पाठवलाही होता, आणि त्याच वर्षी त्यांच्या बढतीचा विचार व्हायचा होता.

मला एकच शंका खाऊ लागली. त्या वर्षांत पाऊसच कमी झाला असेल तर? मग शहर नसलेल्या जागीही वलये बारीक निघतील. प्रबंध देण्याची तारीख जवळ आली होती. विभागप्रमुख म्हणाले, "आता खोदत बसू नका." मी भीत भीत बाईंना सांगितले. त्यांनी चकती पुन्हा भिंगाखाली घेतली. मग म्हणाल्या, "गावाकडचा साग पाहावा लागेल. पण आपल्या शंकेसाठी झाड पाडायचं नाही."

माझी झोप उडाल्याचे ऐकून बाई रविवारी बसने आमच्या घरी आल्या. बाबा म्हणाले, "पोरगी वाळून राहिली जी. हे लाकडं काय सांगून राहिले तिले?"

"तेच तर सांगून नाही राहिले," बाई म्हणाल्या, आणि आईने ठेवलेल्या पोह्यांबरोबर त्यांनी बाबांना सगळा पेच समजावून दिला. बाबांच्या एका मित्राच्या बांधावर वादळात पडलेला साग होता. बाई तशाच उठल्या.

त्या सागाने आमचा निष्कर्ष अर्धा मोडला. गावातही ती वलये बारीकच होती. पुढे पाऊस सुधारला तेव्हा गावच्या सागाची वलये पुन्हा रुंद झाली, शहरातल्यांची मात्र झाली नाहीत. म्हणजे सुरुवातीचा दोष पावसाचा, पुढचा कदाचित शहराचा. आणि तोही एकाच झाडाच्या साक्षीवर.

परिषदेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा अर्धा निष्कर्ष मी मागे घेते. चूक माझ्या विद्यार्थिनीने दाखवली. ती इथेच बसली आहे, तिला विचारा."

एक ज्येष्ठ प्राध्यापक हसले. "मग वाचायला उरलं काय, बाई?"

"अर्धा निबंध. तो नीट ऐका."

 प्रबंधात मी जे निघाले तेच लिहिले आणि तो मान्य झाला. बाईंची बढती मात्र लांबली. ती माझ्या शंकेमुळे का, हे मला अजून कळलेले नाही. एकदा धीर करून विचारले, तर बाई म्हणाल्या, "पुरावा आहे का? नसेल तर निष्कर्ष काढू नको वं."

तेव्हापासून मी निदान सागांचा तरी पुरावा शोधते आहे. सीताबर्डीकडून येताना रस्त्यालगत एखादे झाड नुकतेच पडलेले दिसले की उतरून पाहते. सगळे खोड वाहून नेण्याआधी एक चकती मिळेल का म्हणून विनवते. बाई निवृत्त झाल्यावर माझा ताळा कोण करणार, ही काळजी आहेच. हा लेखही त्यांना आधी दाखवू नये, अशी त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीची ताकीद आहे. कुठे काही चुकले असेल या विचाराने मी तो तीनदा उतरवला.

समितीने या ग्रंथासाठी बाईंची साठ वर्षे मोजली आहेत. ती बरोबर असतील. पण सालीलगतचे वलय त्यांनी धरू नये, एवढी माझी विनंती आहे. ते वर्ष अजून चालू आहे. त्याला भरपूर पाऊस मिळो, त्याबाहेर आणखी पुष्कळ रुंद वलये येवोत, आणि ती मोजताना बाईंनी स्वतः भिंग माझ्यापुढे सरकवून म्हणावे, "परत मोज."