ताईचा बिनअस्तराचा कोट

माझी ताई शिवणात उस्ताद आणि पाठांतरात ढ. हिचं डोकं बोटांत आहे, असं आई म्हणायची. तीस वर्षं ताईनं एकाच दुकानात कोट शिवले आणि आता, पंचावन्नाव्या वर्षी, मालक दुकानच बंद करायला निघाला. शिवणशाळेत शिक्षिकेची एक जागा होती, पण तिथं शिकवायचं इंग्रजीतून. मुलाखतीआधी त्यांनी एक कागद दिला: कपड्यांवरचे इंग्रजी वाक्प्रचार. यातलेच विचारू, म्हणाले. ही जागा गेली तर या वयात ताईला दारात कोण उभं करणार होतं?

आठवडाभर ती घोकत होती आणि पहिले पाढे पंचावन्न! शेवटी तिनं आपल्याच मापाचा एक कोट बेतला, त्याला मुद्दाम अस्तर लावलं नाही आणि आतल्या बाजूनं खडूनं लिहायला घेतलं. कॉलरच्या आत 'हॉट अंडर द कॉलर', म्हणजे संतापणं. बाहीत 'रोल अप युवर स्लीव्ह्ज'.

"म्हणजे आपलं कंबर कसणं," मी म्हटलं.

"त्यांची कंबर दंडात असते वाटतं!" ताई हसली. त्या आठवड्यातलं तेवढंच एक हसू.

कोट घालून जायचं आणि आत बोलावेपर्यंत उलटून वाचत बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आणि मी शहाणी! ताई चुरगळलेल्या कोटानं मुलाखतीला जाणार, हे मला बघवेना. आदल्या संध्याकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तो कोट बाहेरून कडक इस्त्री करून ठेवला. सकाळी तिनं कोट उलटा केला. आत एक अक्षर नव्हतं.

"खडू कुठं गेला?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"मेणाचा असतो. गरम इस्त्रीनं उडतो." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "घडी मात्र छान बसलीय."

त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शाळेच्या व्हरांड्यात मी बाकावर नखं खात बसले. दार अर्धवट उघडं होतं. आत चष्मेवाल्या बाई प्रश्न विचारत होत्या. ताईचा हात कॉलरवर जायचा, बाहीवर जायचा, खिशावर जायचा, आणि अडखळत का होईना, उत्तर यायचं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच बाईंनी बुटांचं विचारलं. दुसऱ्याच्या बुटांत उभं राहणं म्हणजे काय? ताईचा हात कोटावर फिरला आणि तिथंच थांबला. "थँक यू," बाई म्हणाल्या.

ताई बाहेर आली ती पांढरीफटक.

"अगं, बुटांचं कागदावर होतं की!"

"होतं. पण मी सोडलं. बूट काय मी शिवते? ते चांभाराचं काम." तिचे डोळे भरले. "काय गं होता अर्थ?"

"दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याला काय वाटत असेल ते बघणं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग वळली, दारावर टकटक केली आणि परवानगीची वाट न बघता आत शिरली. तिचं मोडकंतोडकं इंग्रजी मला स्पष्ट ऐकू आलं.

"मॅडम, बुटांचं सांगते. सगळे शब्द मी या कोटात लिहिले होते. बहिणीनं मायेनं इस्त्री केली, सगळे गेले. मला खूप राग आला. पण तिचा चेहरा बघितला आणि मी तिच्या बुटांत उभी राहिले. ओरडले नाही."

बाकाची कड मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"शिकणाऱ्याच्या हातून कापड चुकीचं कापलं गेलं," बाई सावकाश म्हणाल्या, "तर तिलाही नाही ओरडणार?"

"आधी बूट, मग कात्री," ताई म्हणाली.

"मग सोमवारपासून या."